ड्यूटी कुणाची ते सगळ्यांना एकाच जागी दिसावं म्हणून: ऑफिसचं गूगल कॅलेंडर कसं लावायचं

मी नाशिकमधल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होम कलेक्शनचं बघते, म्हणजे सकाळी कोण कुठे सँपल घ्यायला जाणार, कोणाची सुट्टी, कोण दुपारी सेंटरवर बसणार, हे सगळं माझ्याकडे. आम्ही सगळे मिळून अकरा जण, त्यातले पाच घरोघरी जाणारे. आधी एक रजिस्टर होतं, एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि रिसेप्शनवर भिंतीवरचं कॅलेंडर होतं ज्याच्यावर गॅस सिलिंडरची तारीख पण असायची आणि कोणाची रजा पण. तीन ठिकाणी तीन गोष्टी. एका पेशंटकडे दोघं जण पोचायचे आणि दुसऱ्याकडे कोणीच नाही, आणि उपाशीपोटी बसलेल्या माणसाला सकाळी साडेआठला "येतोय येतोय" सांगायची वेळ आली की काय ऐकून घ्यावं लागतं ते विचारू नका.

आता सगळं गूगल कॅलेंडरवर आहे. फुकट आहे, सगळ्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल असतंच, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. लावायला अर्धा तास लागतो, लोकांना त्याची सवय लावायला मात्र दीड-दोन महिने. तुमची लॅब नसेल, सीएचं ऑफिस असेल, क्लास असेल, एसी रिपेअरिंगची टीम असेल, तरी पद्धत हीच. मी उदाहरणं माझ्या कामातली देते कारण मला तीच माहितीयेत.

सगळ्यात आधी ऑफिसचं अकाउंट

हे लोक टाळतात आणि नंतर रडतात. कॅलेंडर तुमच्या पर्सनल जीमेलवर बनवू नका. ऑफिसच्या नावाने एक वेगळं जीमेल काढा, त्याचा रिकव्हरी नंबर ऑफिसच्या मोबाईलचा द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि पासवर्ड मालकांकडे एका बंद पाकिटात. कारण सोपं आहे, ज्याने बनवलं तो उद्या नोकरी सोडून गेला तर कॅलेंडर त्याच्या अकाउंटवर राहतं आणि मग फोन करून "जरा परमिशन दे ना रे" करत बसायचं. आणि हे अकाउंट नुसतं बनवून विसरू पण नका, २ वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तर गूगल पर्सनल अकाउंट बंद करून डिलीट करू शकतं, २०२३ पासून त्यांचा तसा नियम आहे. आमचं अकाउंट रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर कायम उघडं असतं त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

नवीन कॅलेंडर बनवायचं, आणि ते कॉम्प्युटरवरच

ब्राउझरमध्ये कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम उघडा. फोनच्या ॲपमध्ये हे शोधत बसू नका, बनवायचं आणि शेअर करायचं काम कॉम्प्युटरवर बसूनच सरळ होतं. फोन नंतर रोजच्या वापराला.

डाव्या बाजूला खाली "अदर कॅलेंडर्स" असं दिसेल, त्याच्या शेजारी अधिकचं चिन्ह. त्यावर क्लिक करून "क्रिएट न्यू कॅलेंडर". नाव द्या. नाव असं द्या की फोनच्या बारीक स्क्रीनवर पण कळेल. आम्ही पहिल्यांदा लॅबचं पूर्ण नाव, मग होम कलेक्शन, मग वर्ष असं लांबलचक नाव दिलेलं, फोनवर नुसतं लॅबचं नाव दिसून पुढे तीन टिंबं. आता नाव आहे "व्हिजिट". संपलं. डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळी लिहा की यात काय टाकायचं आणि बदल कोण करणार. टाइमझोन भारताचा आहे ना बघा, प्लस ५:३० वाला, त्याच्यापुढे कोलकाता लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे, नाशिक किंवा मुंबई शोधू नका. मग "क्रिएट कॅलेंडर".

तुमच्या अकाउंटला आधीपासून जे एक कॅलेंडर असतं, तुमच्याच नावाचं, ते शेअर करायचं नाही. एका ओळखीच्या ताईंनी त्यांच्या ऑफिसात तेच केलं, आणि मग सगळ्या स्टाफला त्यांची दातांची अपॉइंटमेंट, मुलाची पालकसभा आणि नणंदेच्या घरचं बारसं दिसायला लागलं. हसण्यावारी गेलं, पण नको ना.

असंच अजून एक कॅलेंडर बनवा, नाव "सुट्ट्या". कोणाची रजा, विकली ऑफ, अर्धा दिवस, हे सगळं यात. वेगळं का, तर डावीकडे नावापुढची टिक काढली की ते कॅलेंडर दिसेनासं होतं, परत टिक केली की दिसतं. सकाळी व्हिजिट बघताना रजांची गर्दी नको असते आणि महिन्याचं रोस्टर लावताना फक्त रजाच बघायच्या असतात. काही लोक प्रत्येक माणसाचं वेगळं कॅलेंडर बनवतात, पाच माणसं पाच कॅलेंडर. मोठ्या टीमला ते ठीक असेल. आमच्याएवढ्या टीमला दोन बास झाली, पाच कॅलेंडरं म्हणजे पाचपट चुकीच्या जागी एंट्री.

दोन मिनिटांच्या सेटिंग्ज ज्या नंतर खूप त्रास वाचवतात

वर उजवीकडे गिअरचं चिन्ह, त्यात "सेटिंग्ज". तिथे तीन गोष्टी करा. एक, टाइम फॉरमॅट २४ तासांचा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एक व्हिजिट सकाळी ७ ऐवजी संध्याकाळी ७ ला पडली होती कारण घाईत एएम-पीएम कोण बघतंय, २४ तासांमध्ये ७ म्हणजे सकाळच, संध्याकाळ हवी तर १९ लिहावंच लागतं. दोन, "स्टार्ट वीक ऑन" मध्ये सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार शेजारी शेजारी दिसतात, वीकेंडची ड्यूटी लावायला बरं पडतं. तीन, "डिफॉल्ट ड्युरेशन". नवीन एंट्री केली की ती आपोआप १ तासाची होते, सँपल घ्यायला कुठला तास लागतोय, आम्ही २० मिनिटं ठेवलंय. क्लास असेल तर तासच ठेवा.

या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या अकाउंटच्या असतात, तुम्ही बदलल्या म्हणून सगळ्यांच्या बदलत नाहीत. म्हणजे जो जो एंट्री करणार त्याच्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर जाऊन एकदा करायच्या.

आता शेअर

डावीकडे कॅलेंडरच्या नावावर माउस नेला की तीन टिंबं दिसतात, त्यात "सेटिंग्ज अँड शेअरिंग". खाली उतरत गेलात की दोन जागा येतात, त्यातली पहिली आहे सगळ्यांसाठी पब्लिक करायची टिक, "मेक अव्हेलेबल टू पब्लिक". तिला हात लावायचा नाही. ती टिक केली की कॅलेंडर जगातल्या कोणालाही दिसू शकतं, गूगल सर्चमध्ये सुद्धा येऊ शकतं. "लिंक पाठवली की सगळ्यांना दिसेल ना, सोपं पडेल" असा विचार करून लोक ती टिक करतात आणि आत पेशंटचे पत्ते असतात. त्याच पानावर खाली एक "सीक्रेट ॲड्रेस" पण असतो, तो पण कोणाला पाठवायचा नाही, नावातच सांगितलंय.

आपल्याला हवी ती दुसरी जागा, जिथे ठराविक माणसांना ॲड करता येतं. तिथे ईमेल टाकायचा आणि परमिशन निवडायची. चार प्रकारच्या परमिशन असतात. पहिलीत फक्त बिझी आहे की मोकळा एवढंच दिसतं, काय काम ते दिसत नाही. दुसरीत सगळं दिसतं पण हात लावता येत नाही. तिसरीत एंट्री टाकता, बदलता, उडवता येते. चौथीत हे सगळं आणि वर दुसऱ्या लोकांना ॲड करायचा, काढायचा अधिकार पण.

माझं स्पष्ट मत, बदल करायची परमिशन कमीत कमी लोकांना. आमच्याकडे तिसरी परमिशन फक्त दोघींना, मी आणि रिसेप्शनवरच्या मॅडम. चौथी फक्त सरांना. बाकी सगळ्यांना दुसरी. सुरुवातीला आम्ही सगळ्यांना बदल करू दिला होता, लोकशाही वगैरे, आणि एका मुलाने खिशात फोन ठेवता ठेवता एक व्हिजिट दुपारी ३ ला सरकवली होती. त्याला कळलं पण नाही. त्यालाच काय, कोणालाच कळलं नाही. "सुट्ट्या" मध्ये मात्र सगळ्यांना तिसरी परमिशन द्यायला हरकत नाही असं मला वाटलं होतं, पण मग लोक सरांना न विचारताच रजा टाकून मोकळे व्हायला लागले, आणि लिहिलं म्हणजे मिळाली असं समजायला लागले. आता रजा मागायची तोंडी, मंजूर झाली की मॅडम टाकतात.

ईमेल आयडी मिळवणे हा वेगळाच कार्यक्रम

कागदावर ही स्टेप एका ओळीची आहे. प्रत्यक्षात आमचा एक अख्खा दिवस गेला. "तुझा जीमेल आयडी सांग" म्हटलं की अर्ध्या लोकांना माहितीच नसतो, फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो, नाहीतर भावाने. मग उपाय असा, त्यांच्या फोनवर प्ले स्टोअर उघडायचं, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर टॅप करायचं, तिथे नावाखाली ईमेल दिसतो. तो स्वतः डोळ्याने बघून टाइप करायचा, तोंडी सांगितलेला नाही. दोन अकाउंट असतील तर विचारायचं की मेल कुठल्यावर येतात. आमच्या एका काकांच्या फोनमध्ये तीन अकाउंट निघाले, त्यातलं एक त्यांच्या मुलीचं बारावीच्या फॉर्मसाठी काढलेलं.

ॲड केलं की त्या माणसाला एक मेल जातो. त्या मेलमधल्या "ॲड धिस कॅलेंडर" वर त्याला क्लिक करावंच लागतं, नाहीतर तुमच्याकडून शेअर झालेलं असतं आणि त्याला मात्र काहीच दिसत नसतं. मेल कोणी बघत नाही हे गृहीत धरा. मी सगळ्यांना चहाच्या वेळेला बसवलं, प्रत्येकाचा फोन हातात घेतला, मेल उघडला, क्लिक केलं, कॅलेंडर ॲप इन्स्टॉल केलं, होम स्क्रीनवर आणून ठेवलं. पंधरा मिनिटात पाच फोन.

"मला दिसत नाही" असं कोणी म्हणालं तर क्रमाने बघायचं. ॲपमध्ये डावीकडे वर तीन रेषा, त्यात खाली कॅलेंडरचं नाव आहे का, टिक आहे का. नाव आहे पण रिकामं आहे, तर त्याच मेनूत सेटिंग्जमध्ये जाऊन त्या कॅलेंडरवर टॅप करा आणि "सिंक", म्हणजे नवीन एंट्री आपोआप फोनवर येणं, चालू आहे का बघा, बहुतेक वेळा तेच बंद असतं. नावच नाही, तर मेलमध्ये क्लिक केलेलं नाही किंवा ॲप दुसऱ्या अकाउंटवर उघडलंय. आयफोनवाले जर गूगलचं ॲप न वापरता फोनचंच कॅलेंडर वापरत असतील तर त्यांना शेअर केलेली कॅलेंडरं आपोआप दिसत नाहीत, ब्राउझरमध्ये कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश कॅलेंडर स्लॅश सिंकसिलेक्ट या पानावर जाऊन तिथे टिक करून सेव्ह करायला लागतं. नाहीतर सरळ गूगलचं ॲप टाका, मी तरी तेच सांगते.

एंट्री कशी लिहायची

इथे थोडा वेळ द्या कारण खरी मजा इथेच आहे. महिन्याच्या व्ह्यूमध्ये फोनवर एंट्रीची पहिली सात-आठ अक्षरंच दिसतात. त्यामुळे महत्त्वाचं ते आधी. आमचा फॉरमॅट असा: आधी माणसाची आद्याक्षरं, मग एरिया, मग काम. म्हणजे "एसके सिडको फास्टिंग". "श्री. अमुक यांच्याकडे सकाळी फास्टिंग शुगरसाठी" असलं काही नाही. एकदा ठरवलं की तेच, एकाच भागाला एकाने सिडको लिहायचं आणि दुसऱ्याने नवीन नाशिक लिहायचं असं केलं तर नंतर सर्च करताना अर्ध्याच एंट्री सापडतात.

पूर्ण पत्ता "लोकेशन" मध्ये टाका, कारण तिथे टॅप केलं की सरळ मॅप उघडतो. पण आपल्याकडचे पत्ते मॅपला कळतातच असं नाही, "पाथर्डी फाट्याच्या पुढे, दत्त मंदिराच्या मागची गल्ली" हे मॅपला काय कळणार, म्हणून जवळची ओळखीची खूण डिस्क्रिप्शनमध्ये. टेस्टची नावं पण तिथेच. पेशंटचा फोन नंबर आणि रिपोर्ट आम्ही कॅलेंडरमध्ये टाकत नाही, फक्त आमच्या सॉफ्टवेअरमधला फाईल नंबर टाकतो. हे कॅलेंडर अकरा जणांच्या फोनमध्ये आहे, फोन हरवतात, मुलं फोन घेऊन गेम खेळतात. शिवाय लोकांची पर्सनल माहिती सांभाळण्याबद्दल २०२३ चा कायदा पण आहे आता.

एक उदाहरण पूर्ण दाखवते. एका आजोबांची फास्टिंग आणि पीपी शुगर, गंगापूर रोड. फास्टिंगची एंट्री ७:१५ ते ७:३५. पीपी म्हणजे खाल्ल्यानंतर २ तासांनी परत सँपल, म्हणजे आजोबांनी ७:४० ला नाश्ता सुरू केला तर ९:४० ला परत तिथे जायचं. ही दुसरी एंट्री आधी आम्ही टाकायचोच नाही, "तो जाईलच की परत" असं धरून चालायचो, आणि तोपर्यंत त्याला कोणीतरी इंदिरानगरला पाठवलेलं असायचं. आता पहिली एंट्री झाली की लगेच उघडून तीन टिंबं, "डुप्लिकेट", वेळ ९:४०, नाव "एसके गंगापूर पीपी", सेव्ह. आणि डे व्ह्यूमध्ये त्या मुलाची सकाळ समोर दिसते, ७:३५ ते ९:४० मध्ये त्याला कॉलेज रोडच्या दोन व्हिजिट देता येतात, नाशिकरोडची नाही, कारण सकाळी द्वारका चौकातून जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते नाशिककरांना सांगायला नको.

आणि सेव्ह करायच्या आधी एक गोष्ट बघायचीच बघायची, एंट्री कुठल्या कॅलेंडरमध्ये चाललीये. नवीन माणसाची सगळ्यात कॉमन चूक हीच. कॉम्प्युटरवर एंट्रीच्या चौकटीत खाली कॅलेंडरचं नाव येतं, फोनवर पण येतं, तिथे स्वतःचं नाव असेल तर एंट्री तुमच्या खाजगी कॅलेंडरमध्ये गेली, तुम्हाला दिसते, दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. आणि तुम्ही छातीठोकपणे सांगता की "मी टाकलंय, बघा ना नीट". माझं स्वतःचं असं दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मी समोरच्यालाच ओरडले होते.

रंगांचं म्हणाल तर प्रत्येक माणसाला एक रंग दिलाय, दिसायला छान दिसतं. पण रंगावर भरवसा ठेवू नका, नाव आधी. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट निघते आणि काही जणांना लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही.

परत परत येणारी कामं

विकली ऑफ, महिन्याचं मशीन सर्व्हिसिंग, दर सोमवारची मीटिंग, हे एकदाच टाकायचं. एंट्रीत "डझ नॉट रिपीट" लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करून दर आठवड्याला, दर महिन्याला, वर्षाला, किंवा "कस्टम". महिन्याच्या पर्यायात "दुसरा शनिवार" असं पण येतं, ते बँकेच्या कामासाठी उपयोगी, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात २०१५ पासून, तरी आमच्याकडे दर वेळी कोणीतरी चेक घेऊन जाऊन परत येतंच.

सणांच्या सुट्ट्यांसाठी अधिकच्या चिन्हात "ब्राउझ कॅलेंडर्स ऑफ इंटरेस्ट" मध्ये भारताच्या सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर मिळतं. पण ते सगळ्या देशाचं आहे, त्यातला प्रत्येक दिवस तुमच्याकडे सुट्टी नसणार. आम्ही ते बंद ठेवून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दर वर्षी रिपीट लावलेत आणि गणपती, दसरा, दिवाळीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला हाताने टाकतो. सण तिथीने येतात, त्यांना दर वर्षीचं रिपीट लावलं तर पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी दिवाळी.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. एक आजी आहेत, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यामुळे दर बुधवारी त्यांचं पीटी-आयएनआर असतं, म्हणजे गोळीचा डोस बरोबर आहे ना ते त्यावरून डॉक्टर ठरवतात. एका बुधवारी त्या गावाला जाणार होत्या, त्यांनी फोन करून सांगितलं या वेळी नको. आमच्याकडून एंट्री डिलीट झाली. डिलीट करताना एक छोटी चौकट येते, तीन पर्याय: "धिस इव्हेंट", "धिस अँड फॉलोइंग इव्हेंट्स", "ऑल इव्हेंट्स". घाईत तिसरा दाबला गेला. पुढच्या बुधवारी कोणीच गेलं नाही. साडेनऊला आजींचा फोन, "अगं बाळा, आज कोणी येणार नाही का, मी अजून काही खाल्लं नाहीये". या टेस्टला उपाशी राहायची गरज नसते, तरी त्या बिचाऱ्या बसून होत्या. मी स्वतः स्कूटर काढून गेले.

तर ती चौकट आली की थांबा, वाचा. एका दिवसापुरता बदल असेल तर "धिस इव्हेंट". आजपासून पुढे कायमचा बदल असेल, समजा विकली ऑफ मंगळवारचा गुरुवार झाला, तर "धिस अँड फॉलोइंग". "ऑल" म्हणजे मागचं पण सगळं बदलतं, आणि महिन्याच्या शेवटी हजेरी मोजायला मागचा रेकॉर्ड लागतो, त्यामुळे "ऑल" जवळपास कधीच नाही. चुकून उडालंच तर गिअरच्या चिन्हात "ट्रॅश" किंवा "बिन" आहे, तिथे ३० दिवसांपर्यंत उडवलेलं परत आणता येतं. त्या दिवशी आजींची सगळी मालिका तिथूनच परत आणली.

आठवण, म्हणजे नोटिफिकेशन

शेअर झालं म्हणजे सगळ्यांच्या फोनवर आपोआप घंटी वाजेल असं समजू नका. नोटिफिकेशन प्रत्येकाने आपापलं लावायचं असतं. ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरवर टॅप करून डिफॉल्ट नोटिफिकेशन ३० मिनिटं आधी, असं. पण मग पाचही जणांना सगळ्यांच्या व्हिजिटच्या घंट्या वाजतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे ते बंद करतात, आमच्याकडे तेच झालं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. ज्याची व्हिजिट त्याला त्या एंट्रीत "गेस्ट" म्हणून ॲड करतो. शेअर केल्याने सगळा फळा दिसतो, गेस्ट केल्याने "हे काम तुझं" हे कळतं, त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये ती एंट्री जाते आणि आठवण फक्त त्याला येते. सेव्ह करताना विचारतं की इन्व्हिटेशन मेल पाठवू का, पाठवा. तिथेच गेस्टच्या खाली "मॉडिफाय इव्हेंट" ला टिक असेल तर काढा. दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरवर त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये "अदर नोटिफिकेशन्स" मध्ये "डेली अजेंडा" ला ईमेल लावता येतं, मग रोज पहाटे ५ वाजता दिवसभराची यादी मेलवर. बाकी ऑफिसांना ५ विचित्र वाटेल, आमची मुलं साडेसहाला निघतात, आम्हाला एकदम फिट.

ऐन वेळी बदल झाला, सकाळी ७ वाजता कोणी आजारी पडलं, तर मात्र फोनच करायचा. कॅलेंडरमध्ये बदलून "टाकलंय मी" म्हणून बसायचं नाही. आधी फोन, मग लगेच कॅलेंडर.

जुना एक्सेल असेल तर

सेटिंग्जमध्ये "इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट" आहे, सीएसव्ही फाईल (एक्सेलमधूनच सेव्ह करता येते अशी साधी फाईल) टाकता येते. पहिल्या ओळीत कॉलमची नावं इंग्रजीत हवीत, सब्जेक्ट आणि स्टार्ट डेट तर पाहिजेच. आणि तारीख अमेरिकन पद्धतीने लिहायची, आधी महिना मग दिवस. आपण ५ ऑगस्ट ०५/०८ लिहितो, तो तिकडे ८ मे होतो. १२ च्या पुढच्या तारखांचं तसं होऊच शकत नाही, त्यामुळे फाईलमध्ये गडबड आहे हे पटकन लक्षात येत नाही, काही बरोबर काही चूक असं होतं. आणि इम्पोर्ट केलेलं एका झटक्यात मागे घेता येत नाही, एक एक उडवत बसायचं. म्हणून "टेस्ट" नावाचं वेगळं कॅलेंडर बनवा, त्यात पाच ओळी टाकून बघा, बरोबर पडल्या की मग खऱ्यात. ते टेस्ट नंतर सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी जाऊन डिलीट करा. तिथे दोन बटणं असतात, "अनसबस्क्राइब" म्हणजे फक्त तुमच्या यादीतून जाणार, "डिलीट" म्हणजे सगळ्यांचं कायमचं. बटण दाबताना वर नाव "टेस्ट" आहे ना ते दोनदा वाचा.

सवय लावताना

रजिस्टर आणि कॅलेंडर दोन्ही एकत्र फक्त एक आठवडा चालवा. जास्त दिवस चालवलं की लोक रजिस्टरच बघतात. आठव्या दिवशी मी रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं, दोन दिवस सगळे माझ्याशी नीट बोलत नव्हते. व्हॉट्सॲपवर ड्यूटीचा स्क्रीनशॉट टाकायचा नाही असा नियम केला, कारण स्क्रीनशॉट टाकल्यानंतर दहा मिनिटांनी ड्यूटी बदलते आणि लोक जुना फोटो बघून निघतात. ग्रुपवर कोणी विचारलं "उद्या माझं काय", तर उत्तर एकच, "कॅलेंडर बघ". पहिले काही दिवस मी हे इतक्या वेळा लिहिलं की कीबोर्ड "कॅ" टाइप केल्यावर पुढचं स्वतःच सुचवायला लागला.

रिसेप्शनवरच्या काकांना कागदच हवा असतो, तर त्यांच्यासाठी दर शनिवारी वीक व्ह्यू लावून गिअरमधून "प्रिंट" करते आणि काउंटरच्या काचेखाली सरकवते. त्याच्यावर पेनाने काही लिहायचं नाही एवढीच अट. काका तरी लिहितात. मग मी ते बघून कॅलेंडरमध्ये टाकते.

रेंजचा प्रश्न विचारतात लोक, तर फोनच्या ॲपमध्ये आधी सिंक झालेलं नेट नसताना पण दिसतं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उभं राहून पण पत्ता वाचता येतो, फक्त नवीन बदल नेट आल्यावर दिसतात.

कोणी नोकरी सोडली तर त्याच संध्याकाळी शेअरिंगच्या यादीत जाऊन त्याच्या नावापुढची फुली दाबायची, दोन्ही कॅलेंडरमधून. आणि पुढच्या तारखांच्या ज्या एंट्रीत तो गेस्ट आहे त्या सर्चमध्ये त्याची आद्याक्षरं टाकून शोधायच्या आणि दुसऱ्याला द्यायच्या. हे दुसरं मी एकदा विसरले, आणि काम सोडून गेलेल्या मुलाचा तीन आठवड्यांनी सकाळी पावणेसातला फोन आला, "मॅडम, मला पंचवटीची व्हिजिट दाखवतंय, जाऊ का?"